कमी जीपीए आणि फार्मसी रेसिडेन्सीची मुलाखत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाला होता, मुले स्टेजवरून खाली उतरली होती आणि मी घरी निघायच्या बेतात होते. एक ओळखीचे गृहस्थ जवळ आले. "वहिनी, पाच मिनिटं बोलायचं होतं." त्यांची मुलगी फार्मडीच्या तिसऱ्या वर्षाला. "रेसिडेन्सी करायची म्हणते. तुम्ही हॉस्पिटलात इतकी वर्षं आहात, कुणाची ओळख असेलच. गुण बऱ्यापैकी आहेत हो तिचे." मी म्हटले, तिलाच माझ्याशी बोलू द्या.

ती मला पार्किंग लॉटमध्ये भेटली. बाहेर मरणाची थंडी होती आणि तिच्या अंगावर साडीवर नुसता एक कोट. "मावशी, बाबांना माहीत नाहीये. माझा जीपीए टू पॉइंट सेव्हन आहे. फार्माकोकायनेटिक्समध्ये डी मिळाला होता, परत घेतला तेव्हा सी आला. माझं काही होईल का?"

इथे प्रगतीपुस्तक घरी येत नाही. मूल अठरा वर्षांचे झाले, कॉलेजात गेले, की त्याच्या परवानगीशिवाय कॉलेज आईवडिलांना गुण कळवत नाही. त्यामुळे आपल्यापैकी कित्येक घरांत 'बऱ्यापैकी' या शब्दावर चार वर्षे निघतात. ही हकीगत मी त्या मुलीच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. दर वर्षी मला दोन-तीन घरांतून हाच प्रश्न येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहावे असे वाटले.

ज्यांना या विषयाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जाते. मी नागपूरहून बी.फार्म. करून या देशात आले, समकक्षतेची परीक्षा दिली, इंटर्नचे तास भरले, लायसन्स मिळवले आणि सरळ हॉस्पिटलच्या फार्मसीत लागले. तेव्हा रेसिडेन्सी करणारे थोडे असत आणि ते प्राध्यापक किंवा मोठे क्लिनिकल लोक होत. पुढे २००० सालच्या सुमारास नव्या विद्यार्थ्यांसाठी फार्मडी हीच एकमेव पदवी झाली. फार्मसी कॉलेजेही वाढत गेली. २००० साली सुमारे ८० होती, २०२० पर्यंत १४० च्या वर गेली. २००७ मध्ये हॉस्पिटल फार्मासिस्टांच्या संस्थेने, म्हणजे एएसएचपीने, असे धोरण मांडले की २०२० पर्यंत रुग्णाची थेट काळजी घेणाऱ्या प्रत्येक नव्या फार्मासिस्टने एक वर्षाची रेसिडेन्सी केलेली असावी. तसा कायदा काही झाला नाही. आजही रेसिडेन्सीशिवाय लायसन्स मिळते आणि नोकरीही मिळते. पण मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डावर डॉक्टरांबरोबर फिरून औषधे ठरवण्याचे काम हवे असेल, तर जाहिरातीत 'पीजीवाय-१ पूर्ण' हे शब्द बहुधा असतातच. त्यापुढे कॅन्सर, बालरोग, अतिदक्षता अशा एखाद्या विषयात जायचे तर पीजीवाय-२ चे आणखी एक वर्ष.

गेल्या दशकात जागांपेक्षा अर्जदार पुष्कळ जास्त होते आणि दर वर्षी हजारो मुले मागे राहत. अलीकडे फार्मसीला प्रवेश घेणारेच कमी झाल्याने ही तफावत बरीच कमी झाली आहे. तरीही नावाजलेल्या हॉस्पिटलांत दोन-चार जागांसाठी अर्जांचा ढीग पडतोच. कमी गुणांचा अर्ज या ढिगातच हरवतो.

आमच्या हॉस्पिटलात मी बरीच वर्षे प्रिसेप्टर आहे आणि अर्ज वाचणाऱ्या मंडळींत बसते. तिथे काय होते ते सांगते, कारण घरोघरी याविषयी भलत्याच कल्पना आहेत. अर्ज फोर्कास नावाच्या एका सामायिक व्यवस्थेतून येतात. ती २०१२ साली सुरू झाली, त्याआधी जाडजूड लिफाफे येत. अर्जात कॉलेजकडून आलेले ट्रान्सक्रिप्ट, सीव्ही, लेटर ऑफ इंटेंट म्हणजे आम्हाला उद्देशून लिहिलेले पत्र, आणि बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रे असतात. आमच्याकडे प्रत्येक अर्ज दोघे जण स्वतंत्रपणे वाचतात आणि ठरलेल्या तक्त्यात गुण भरतात. इतके गुण जीपीएला, इतके हॉस्पिटलमधल्या कामाच्या अनुभवाला, इतके पत्राला, इतके शिफारशींना. बेरजेने यादी लागते आणि वरच्यांना मुलाखतीचे बोलावणे जाते.

म्हणजे जीपीए हा तक्त्यातला एकच रकाना असतो. त्या रकान्यात शून्य पडले तरी बाकीच्या रकान्यांत भरपाई होऊ शकते, पण त्यासाठी अर्ज तक्त्यापर्यंत पोचला पाहिजे. काही कार्यक्रम त्याआधीच रेघ मारतात. ३.० च्या खालचा अर्ज उघडलाच जात नाही, मग आत शिफारसपत्र कितीही चांगले असो. यात दुष्टावा नसतो. आपापले वॉर्डचे काम सांभाळून संध्याकाळी अर्ज वाचणाऱ्या चार माणसांना कुठेतरी चाळणी लावावी लागते. शिवाय काही कॉलेजे आता फक्त पास-नापास देतात, त्यामुळे सर्वांना एकच आकडी चाळणी लावताही येत नाही. म्हणून कमी गुणांच्या मुलांनी आधी चाळणी कुठे आहे आणि कुठे नाही ते शोधावे, आणि चाळणी नसेल तिथे बाकीचे रकाने भरून काढावे. ती मुलगी मुळात उलटे करायला निघाली होती. तिने दहा नामांकित हॉस्पिटलांची यादी केली होती आणि 'गुणांविषयी काही बोलायचं नाही, कदाचित लक्षात येणार नाही' असे ठरवले होते. लक्षात येते हो. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे पहिले पान.

आम्ही तिच्या घरी नव्हे, लायब्ररीत बसलो. मी तिला तिन्ही वर्षांचे गुण सत्राप्रमाणे एका कागदावर लिहायला सांगितले. पहिले वर्ष ठीक. दुसऱ्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत घसरगुंडी. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात पुन्हा वर, बहुतेक बी, दोन ए. एकूण आकडा २.७ असला तरी त्या कागदावर एक खड्डा आणि त्यातून वर आलेली वाट स्पष्ट दिसत होती. विचारले, दुसऱ्या वर्षी काय झाले? ती बराच वेळ गप्प राहिली. त्या वर्षी वडिलांची नोकरी गेली होती. घरी कुणी काही बोलत नव्हते, पण तिला कळत होते. एका चेन ड्रगस्टोअरमध्ये ती आठवड्याला पंचवीस-तीस तास काम करू लागली आणि ते पैसे आईच्या हातात देत राहिली. वडिलांना वाटत होते की मुलगी आठ-दहा तास करते, खिशाला खर्च म्हणून.

आता हे कारण खरे आहे आणि कुणालाही पटेल असे आहे. तरी ते पत्रात कसे लिहायचे यावर आमचे दोन शनिवार गेले. पहिला मसुदा दीड पानांचा होता आणि वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आले. तो तसाच गेला असता तर वाचणाऱ्यांनी हळहळून बाजूला ठेवला असता. हॉस्पिटलला सहानुभूतीने माणूस घेता येत नाही. त्यांना एवढेच कळायला हवे असते की असे का झाले, ते कारण आता उरले आहे का, आणि काम आल्यावर ही व्यक्ती ते पेलेल का. शेवटी तीन वाक्ये राहिली. दुसऱ्या वर्षी घरच्या आर्थिक अडचणीमुळे मी आठवड्याला पंचवीसहून जास्त तास काम करत होते आणि त्याचा परिणाम माझ्या गुणांवर झाला. तिसऱ्या वर्षी तास कमी केले आणि गुण सुधारले. ज्या विषयात मी सर्वांत मागे पडले, त्या विषयाचे काम मी पुढे रोटेशनवर रोज केले आहे, त्याविषयी माझे प्रिसेप्टर लिहीत आहेत.

ते तिसरे वाक्य जानेवारीत खरे नव्हते. ते खरे करायला पुढचे दहा महिने गेले.

फार्मडीचे चौथे वर्ष म्हणजे रोटेशनचे. एकूण किमान १,४४० तास निरनिराळ्या ठिकाणी, बहुतेक कॉलेजांत मे महिन्यापासून, साधारण सहा-सहा आठवड्यांचे तुकडे. फोर्कास नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडते आणि पुष्कळ ठिकाणची शेवटची तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. म्हणजे ज्या प्रिसेप्टरचे पत्र हवे, त्याच्याकडचे रोटेशन मे ते नोव्हेंबर याच काळात व्हायला हवे. फेब्रुवारीतले अतिदक्षता विभागाचे रोटेशन कितीही छान झाले तरी अर्जाला त्याचा उपयोग नाही. हे इतके साधे गणित आहे, पण रोटेशनची पसंती तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर भरायची असते आणि तेव्हा मुलांच्या डोक्यात परीक्षा असतात. कुणी उन्हाळ्यात सोपे रोटेशन मागून घेते, भारतात एखाद्या लग्नाला जायचे म्हणून. आईवडिलांनी इथे लुडबूड करू नये, पण लग्नाची तारीखही पुढे करू नये.

तिने हॉस्पिटलमधले सर्वसाधारण मेडिसिन, संसर्गजन्य रोग आणि अॅम्ब्युलेटरी क्लिनिक ही तीन रोटेशन उन्हाळ्यात आणि शरदात मागून घेतली. यातले संसर्गजन्य रोगांचे मुद्दाम. व्हॅन्कोमायसिन हे जुने, जोरदार अँटिबायोटिक. मात्रा कमी पडली तर जंतू मरत नाहीत आणि जास्त झाली तर मूत्रपिंडाला इजा होते, म्हणून रक्तातले प्रमाण मोजून मात्रा ठरवावी लागते. पूर्वी पुढच्या डोसच्या आधीची एकच पातळी बघत. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनंतर गंभीर एमआरएसए संसर्गात दिवसभराचा एकूण संपर्क, ज्याला एयूसी म्हणतात, तो ४०० ते ६०० च्या दरम्यान ठेवायचा असतो. त्याला गणित लागते आणि ते गणित म्हणजेच फार्माकोकायनेटिक्स, तिचा डीवाला विषय. मी म्हटले, तिथे जा आणि रोज सकाळी प्रिसेप्टर यायच्या आत सगळ्या व्हॅन्कोमायसिनच्या रुग्णांचा हिशोब करून ठेव. चुकला तर चुकू दे, पण स्वतः कर.

सहाव्या आठवड्यात त्या प्रिसेप्टरने तिचे आकडे न तपासता सही केली नाही, कुणीच करणार नाही. पण तपासून बदल करण्यासारखे त्यांना काही सापडेना. त्यांच्या शिफारसपत्रात नंतर हेच आले, की ट्रान्सक्रिप्टवर या विषयात हिचा दर्जा कमी दिसेल, मी तिला हे काम सहा आठवडे रोज करताना पाहिले आहे आणि माझा अनुभव वेगळा आहे. पत्र मी पाहिलेले नाही, तसे ते अर्जदारालाही दिसत नाही. त्यांनी तिला नंतर सांगितले. असे एक पत्र गुणांच्या रकान्याला थेट उत्तर देते. 'अत्यंत हुशार आणि मेहनती विद्यार्थिनी' असे लिहिलेली पत्रे आम्ही शेकड्याने वाचतो, ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

इथे आपल्या मुलांच्या एका सवयीबद्दल लिहायलाच हवे. घरी आपण शिकवतो की मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. मग रोटेशनवर मूल राउंडमध्ये मागे उभे राहते, उत्तर माहीत असूनही डॉक्टरांनी विचारल्याशिवाय बोलत नाही आणि मूल्यमापनात 'क्वाएट' असा शेरा येतो. गुण चांगले असतील तर त्या शेऱ्याचे फार बिघडत नाही. गुण कमी असतील तर तोच शेरा 'येत नसावे' असा वाचला जातो. ती मुलगीही तशीच होती. दर राउंडला निदान एक सूचना स्वतःहून मांडायची, असा आम्ही नियम केला. पहिल्या आठवड्यात म्हणे आवाज कापत होता.

पत्र मागण्याचीही वेळ असते. रोटेशनच्या शेवटच्या आठवड्यात, समोरासमोर, आणि असे विचारावे की 'तुम्ही माझ्यासाठी ठाम शिफारस करू शकाल का?' समोरचा क्षणभर घुटमळला तर आभार मानून दुसरीकडे जावे. हो म्हणाला तर त्याला आपला सीव्ही, पत्राचा मसुदा आणि रोटेशनवर केलेल्या कामाची अर्ध्या पानाची यादी द्यावी. फोर्कासमध्ये शिफारस करणाऱ्याला ठरावीक फॉर्म भरावा लागतो, नेमकी उदाहरणे हाताशी असली की त्याचे काम सोपे होते. आणि ओळखीच्या मोठ्या डॉक्टरचे पत्र? तिच्या वडिलांनी एका हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनही ठेवले होते, मंडळातलेच, फार सज्जन माणूस. त्यांनी तिला फक्त गणपतीच्या नाटकात पाहिले होते. ते पत्र घेतले नाही. माझेही घेतले नाही, आणि आमच्या हॉस्पिटलात तिने अर्ज करू नये हेही मी पहिल्याच दिवशी सांगितले. वडील थोडे नाराज झाले. वशिला म्हणतात तो इथे चालतच नाही असे मी म्हणणार नाही, पण जिच्यासाठी शब्द टाकला ती पहिल्याच महिन्यात कमी पडली तर दोघांचेही नाव जाते.

दुसरी गोष्ट नोकरीची. ड्रगस्टोअरचा अनुभव वाया जात नाही, रुग्णाशी बोलायला तिथेच शिकता येते. पण हॉस्पिटलच्या रेसिडेन्सीसाठी हॉस्पिटलमधले काम दिसले पाहिजे. तिसऱ्या वर्षाच्या वसंतात तिने एका लहान हॉस्पिटलात इंटर्नची जागा धरली, दर दुसरा शनिवार-रविवार. आयव्ही रूममध्ये निर्जंतुक मिश्रणे करणे, वॉर्डावरची औषधांची कपाटे भरणे, दाखल होणाऱ्या रुग्णाला घरी कोणती औषधे चालू होती ते विचारून यादी जुळवणे. पगार ड्रगस्टोअरपेक्षा कमी होता. पण मुलाखतीत त्यांनी याच कामाबद्दल सर्वांत जास्त विचारले.

विद्यार्थी संघटनांबद्दल फार लिहीत नाही. आठ संघटनांत नुसते सभासद असण्याला किंमत नाही, एका ठिकाणी काही करून दाखवलेले असेल तर आहे. एएसएचपीची एक क्लिनिकल स्किल्स स्पर्धा असते, दोघांच्या जोडीने रुग्णाची केस सोडवायची. आधी कॉलेजात फेरी होते. परीक्षेत मागे आणि केसमध्ये पुढे असणारी मुले असतात, त्यांनी यात जरूर उतरावे.

मग यादी. तिच्या दहा नावांपैकी सहा आम्ही खोडली, कारण त्यांनी किमान ३.० ची अट स्वतःच जाहीर केली होती. आकडा जाहीर नसेल तिथे कार्यक्रमाच्या संचालकांना सरळ, नम्र ई-मेल करून विचारायला हरकत नसते. काही उत्तर देत नाहीत, काही देतात. एकाने तिला लिहिले की आम्ही आकड्याने कुणाला काढत नाही, अर्ज कर. नव्या नावांसाठी आम्ही तीन प्रकारची ठिकाणे शोधली. एक म्हणजे नवे कार्यक्रम, ज्यांची एएसएचपीची मान्यता अजून 'कँडिडेट' किंवा 'प्री-कँडिडेट' अवस्थेत आहे. तिथे अर्ज कमी येतात. मात्र पुढे मान्यता मिळण्याची शक्यता कितपत आहे ते विचारून घ्यावे. दुसरे, मोठ्या शहरांपासून दूरची मध्यम हॉस्पिटले. तिसरे, कम्युनिटी फार्मसीतली आणि मॅनेज्ड केअरमधली पीजीवाय-१. यांचे काम वेगळे असते, म्हणून फक्त मागच्या दाराने शिरायचे म्हणून तिकडे जाऊ नये. तिला ड्रगस्टोअरमधले रुग्ण मनापासून आवडत होते, म्हणून दोन कम्युनिटी कार्यक्रम यादीत राहिले. एकूण चौदा अर्ज.

व्हिसावर असलेल्या मुलांसाठी इथेच लिहिते. माजी सैनिकांची व्हीए हॉस्पिटले रेसिडेन्सीच्या पुष्कळ जागा देतात, पण तिथे बहुधा अमेरिकन नागरिकत्व लागते. इतर ठिकाणी एफ-१ वरच्या मुलांचे एक वर्षाचे ओपीटी पीजीवाय-१ ला पुरते, तरी प्रत्येक ठिकाणी आधी विचारावे. अर्ज करून मग कळण्यात पैसे जातात.

डिसेंबरात एएसएचपीचे मिडइयर अधिवेशन भरते. प्रचंड हॉल, टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर एका हॉस्पिटलचे लोक आणि काळ्या सुटातली हजारो मुले. विमान, हॉटेल, नोंदणी धरून खर्च बराच होतो. हल्ली कित्येक कार्यक्रम संगणकावरच माहितीची बैठक घेतात, त्यामुळे न जाऊनही चालते. पण मला विचाराल तर ३.८ वाल्याने घरी बसावे आणि २.७ वाल्याने जावे. कारण कागदावर ज्याची बाजू पडती आहे, त्याला माणसासमोर पाच मिनिटे मिळणे जास्त मोलाचे आहे. तिला सांगितले होते की गुणांचा विषय आपण काढायचा नाही आणि टाळायचाही नाही. तुमचा सध्याचा रेसिडेंट कोणता प्रकल्प करतो आहे, व्हॅन्कोमायसिनचे डोस तुमच्याकडे फार्मसी ठरवते की डॉक्टर, असे प्रश्न विचार. असा प्रश्न विचारणारी मुलगी लक्षात राहते.

पण मिडइयरला जायच्या आधी एक काम राहिले होते, ते घरचे. विमानाचे तिकीट वडील काढणार होते आणि ते अजूनही मित्रांना त्या दहा मोठ्या हॉस्पिटलांची नावे सांगत होते. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तिने आकडा सांगितला. मी तिथे नव्हते. तिच्या आईने नंतर मला फोन केला. वडील गुणांवरून फारसे बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षीचे तास ऐकून मात्र ते उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. "तिने मला सांगायचं नाही का, वहिनी?" हे त्यांनी मला पुढे विचारले. मी विचारले, तुम्ही नोकरीचं तिला सांगितलं होतंत का?

आता थोडे पैशाचे, कारण या पानाचे ते कामच आहे. रेसिडेंटचा पगार पुष्कळ ठिकाणी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आसपास असतो. सरकारी आकडेवारीप्रमाणे मे २०२४ मध्ये फार्मासिस्टचा मध्यम वार्षिक पगार १,३७,००० डॉलरच्या थोडा वर होता. म्हणजे एका वर्षाला ऐंशी-नव्वद हजारांवर पाणी सोडायचे, आणि डोक्यावर कर्ज. ज्या मुलाला ड्रगस्टोअरमध्येच सुखाने राहायचे आहे त्याने हे करू नये, त्यात कमीपणा काही नाही. ज्याला करायचे आहे त्याने एक लक्षात ठेवावे. सरकारी कर्ज असेल आणि रेसिडेन्सी ना-नफा किंवा सरकारी हॉस्पिटलात असेल, तर २००७ च्या कायद्याने आलेल्या सार्वजनिक सेवेच्या कर्जमाफी योजनेतल्या १२० हप्त्यांत हे वर्षही धरता येते, आणि उत्पन्नावर आधारित हप्ता त्या वर्षी लहान असतो. तेच कर्ज कमी व्याजाच्या मोहाने खाजगी बँकेकडे वळवले की ही सवलत कायमची जाते. ज्यांची मुले आता फार्मसीला जाणार आहेत त्यांनी हेही बघावे की २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस कर्ज नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद ठरवले आहे. पूर्वीच्या मुलांचे हिशोब त्यांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. आणि मुलाच्या खाजगी कर्जावर सही करताना ते कर्ज आपलेही होते, हे निवृत्तीच्या वाटेवरच्या पालकांनी विसरू नये.

चौदा अर्जांतून तिला चार मुलाखती आल्या. प्रत्येक मुलाखतीत कुणीतरी गुणांबद्दल विचारलेच. तीन वाक्यांचे उत्तर तयार होते. ती सांगते की दुसऱ्या वेळेपासून तो प्रश्न नुसता प्रश्न वाटू लागला. मार्चच्या मध्यात मॅचचा पहिला निकाल लागला आणि तिचे नाव कुठेच लागले नाही.

त्या दिवशी तिने फोन उचलला नाही. आईने उचलला. मी एवढेच म्हटले की रडून झाले की रिकाम्या राहिलेल्या जागांची यादी उघडायला सांगा. २०१६ पासून मॅचचा दुसरा टप्पा असतो. पहिल्यात न भरलेल्या जागांसाठी त्याच फोर्कासमधून पुन्हा अर्ज करायचे, मुलाखती थोड्या दिवसांत आणि निकाल एप्रिलमध्ये. या जागा टाकाऊ असतात असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. कधी नवा कार्यक्रम असतो, कधी हॉस्पिटलनेच फार थोड्यांना बोलावलेले असते. या टप्प्यात वेळ इतका कमी असतो की पत्रे आधीच तयार असलेली मुले पुढे जातात. तिच्याकडे चौदा पत्रांचा सराव होता. तिने तीन दिवसांत आठ पत्रे लिहिली, प्रत्येक वेगळे. घाईत एका हॉस्पिटलच्या पत्रात दुसऱ्याचे नाव राहते, असे पत्र मी स्वतः दर वर्षी एक तरी वाचते. तिची आठही पत्रे वडिलांनी मोठ्याने वाचून तपासली.

तीन मुलाखती झाल्या आणि एप्रिलमध्ये जागा मिळाली. मिडवेस्टमधले गाव, दोनशेच्या आसपास खाटांचे हॉस्पिटल, तिच्यासह दोन रेसिडेंट. जवळचे इंडियन ग्रोसरीचे दुकान दीड तासावर. जूनमध्ये वडील तिला गाडीने सोडायला गेले, मागच्या सीटवर प्रेशर कुकर आणि दहा पौंड कोलम तांदूळ. व्हॅन्कोमायसिनचे डोस तिथे फार्मसीच ठरवते.

या वर्षी ज्यांची मुले तिसऱ्या वर्षात आहेत त्यांनी रोटेशनची पसंती भरण्याआधी माझ्याशी बोलावे. चौथ्या वर्षातल्यांनी पत्राचा मसुदा दसऱ्यापर्यंत आणावा, मराठी शाळेच्या वेळात मी दर रविवारी लायब्ररीच्या टेबलापाशी असते. ट्रान्सक्रिप्ट बरोबर आणावे. मुलांनी स्वतः यावे, आईवडिलांनी बाहेर चहा घ्यावा.